डुकराच्या आयलेट पेशी बसवल्या तर रिजेक्शनची औषधं कितपत सेफ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या एका ताईंची मुलगी २० वर्षांची आहे, नवव्या वर्षी टाईप १ डायबेटीस निघाला, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८ च्या आसपास असतो, आणि गेल्या वर्षभरात दोनदा रात्री शुगर इतकी लो झाली की बेशुद्ध अवस्थेत ॲडमिट करावं लागलं. डुकराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, म्हणजे आयलेट, माणसात बसवतात असं त्यांनी वाचलं. आता त्या विचारतायत की त्यासोबत आयुष्यभर रिजेक्शनची औषधं (शरीराने बाहेरच्या पेशी नाकारू नयेत म्हणून इम्युनिटी दाबणारी) घ्यायची म्हणजे ती कितपत सेफ, वाट बघत थांबावं का, आणि ओळखीतला एकजण म्हणतोय पैसे भरा, आपण लगेच पेशी शरीरात सोडून देऊ, त्याचं काय करायचं.

ताई, मी किडनी ट्रान्सप्लांटचे पेशंट बघतो, म्हणजे हीच औषधं लिहायची, रक्तातल्या त्यांच्या लेव्हल बघायच्या आणि त्यांचे त्रास निस्तरायचे हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. आधी सरळ उत्तर. तुमच्या मुलीने आज ही औषधं सुरू करावीत असं मला अजिबात वाटत नाही. आणि डुक्कर ही यातली सगळ्यात मोठी काळजी नाहीच, मोठी काळजी औषधांची आहे, कारण पेशी दुसऱ्या प्राण्याच्या असल्या की औषधं जास्त कडक आणि जास्त प्रकारची लागतात. आता कारणं सांगतो, जरा लांबेल पण निर्णय मुलीच्या आयुष्याचा आहे तर नीट वाचा.

डुक्करच का, तर डुकराचं इन्सुलिन आपल्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो ॲसिडने वेगळं असतं, ह्युमन इन्सुलिन यायच्या आधी कित्येक वर्षं पेशंट डुकराचं आणि गाईगुरांचं इन्सुलिनच टोचून घेत होते, आणि डुकराच्या टिश्यूपासून बनवलेले हार्टचे व्हॉल्व्ह आजही बसवतात. माणसाच्या पेशी हव्या तेवढ्या मिळत नाहीत, ब्रेन डेड डोनरचं पॅनक्रिआ (स्वादुपिंड) मिळायला हवं, त्यातून आयलेट वेगळ्या काढायच्या आणि बऱ्याचदा एका डोनरच्या पेशी पुरत नाहीत. डुक्कर मात्र हवं तेव्हा मिळतं. कल्पना जुनीच आहे, १८९३ मधे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला एका १५ वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या पॅनक्रिआचे तुकडे ठेवले होते, इन्सुलिनचा शोध लागायच्या कितीतरी आधी, तो मुलगा तीन दिवसांत गेला.

आता औषधांकडे येतो. माणसाच्या पेशी माणसात घालून खरा फरक पडला तो २००० साली, कॅनडातल्या एडमंटनमधे. तिथल्या टीमने सात पेशंटना लिव्हरला जाणाऱ्या पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून आयलेट सोडल्या आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. त्यांची युक्ती औषधांतच होती, स्टिरॉइड पूर्ण काढून टाकलं कारण स्टिरॉइडने शुगर वाढते, आणि त्याऐवजी सिरोलिमस, कमी डोसचं टॅक्रोलिमस आणि सुरुवातीला डॅक्लिझुमॅबची इंजेक्शनं दिली. जगभर आनंदीआनंद झाला. पण पाच वर्षांनी बघितलं तर एडमंटनच्या पेशंटपैकी इन्सुलिनशिवाय राहिलेले जेमतेम १० टक्के होते. बाकीच्यांच्या पेशी थोडंफार इन्सुलिन बनवत होत्या, हायपो (शुगर एकदम लो होणं) कमी झाले होते, तो फायदा खराच आहे, पण इन्सुलिन परत आलं आणि गोळ्याही चालूच राहिल्या. हे सगळं माणसाच्या पेशींबद्दल झालं हे लक्षात ठेवा.

डुकराच्या पेशींना आपलं शरीर जास्त जोरात का मारतं तर आपल्या रक्तात डुकराविरुद्ध अँटीबॉडी आधीपासूनच तयार असतात. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते, ती माणसात नसते, आतड्यातल्या जंतूंमुळे आपल्याकडे तिच्याविरुद्ध अँटीबॉडी लहानपणापासून बनलेल्या असतात. त्या चिकटल्या की कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा सुरू होते, पेशी फुटतात, शिवाय आयलेट रक्तात सोडल्या सोडल्या त्यांच्याभोवती गुठळ्या व्हायला लागतात आणि पहिल्या काही तासांतच बऱ्याच पेशी वाया जातात. त्यातून ज्या वाचतील त्यांच्यामागे टी-सेल, म्हणजे इम्युनिटीच्या हल्ला करणाऱ्या पेशी, लागतात. म्हणजे किडनीसाठी देतो ती टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटची जोडी इथे पुरी पडत नाही, तिच्या जोडीला अजून तीनचार गोष्टी लागतात, अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन, रिटुक्सिमॅब, कॉम्प्लिमेंट थांबवणारं काहीतरी, सूज कमी करणारं काहीतरी. प्रत्येक औषध इम्युनिटीचा एकेक दरवाजा बंद करतं आणि प्रत्येकाचा आपापला धोका असतो. रिटुक्सिमॅब दिलं की दबलेली हिपॅटायटिस बी उसळू शकते, कॉम्प्लिमेंट अडवलं की मेनिंजायटिसचा जंतू घात करू शकतो म्हणून ती लस आधी द्यावी लागते, सूज कमी करायला एटानरसेप्ट दिलं की झोपलेला टीबी जागा होतो.

स्वीडनच्या लोकांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९९४ मधे त्यांनी दहा डायबेटीसच्या पेशंटमधे डुकराच्या गर्भातल्या आयलेट घातल्याचा रिपोर्ट दिला, आणि पेशंट कोण निवडले, तर ज्यांची किडनी ट्रान्सप्लांट झालीये किंवा होतेय आणि ज्यांना रिजेक्शनची औषधं तशीही घ्यायचीच आहेत असे. म्हणजे नुसत्या डुकराच्या पेशींसाठी कोणाला नव्याने औषधांत ढकललं नाही. चार जणांच्या लघवीत डुकराचं सी-पेप्टाइड (इन्सुलिन बनताना सोबत निघणारा तुकडा) २०० ते ४०० दिवस सापडत होतं, म्हणजे पेशी जिवंत होत्या, पण कोणाचंही इन्सुलिन कमी झालं नाही. मला ही निवड आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

माकडांमधे मात्र पुढे खूप चांगले रिझल्ट आले. २००६ मधे दोन टीमनी डुकराच्या आयलेटवर माकडांचा डायबेटीस शंभर दिवसांच्या वर ताब्यात ठेवला, २०१५ मधे कोरियातल्या सोलच्या टीमने एका माकडात ६०० दिवसांच्या पुढे नेलं. मग माणसात लगेच का नाही केलं? कारण या सगळ्यांत मुख्य काम करणारं औषध होतं सीडी-१५४ ला अडवणारी अँटीबॉडी, त्यालाच सीडी-४० लिगँड म्हणतात. टी-सेलला हल्ला कर असा जो दुसरा सिग्नल लागतो तो हे औषध तोडतं आणि डुकराच्या पेशींवर याच्याइतकं जोरदार दुसरं काही चालत नव्हतं. पण १९९० च्या दशकाच्या शेवटी या प्रकारची पहिली औषधं माणसांत ट्रायलला घेतली तेव्हा रक्तात गुठळ्या होऊ लागल्या आणि ट्रायल थांबवाव्या लागल्या. सीडी-४० लिगँड प्लेटलेटवरही असतो, आणि अँटीबॉडीची शेपटी प्लेटलेटवरच्या रिसेप्टरला धरून त्यांना एकमेकींना चिकटवत होती. माकडांत इतकं छान चालणारं औषध माणसाला देताच येईना. त्यामुळे कुठेही माकडांतल्या यशाची बातमी वाचलीत की पहिला प्रश्न हा विचारा, औषधं कुठली दिली होती आणि ती माणसाला देता येतात का. बातमीत हे जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं.

आता ती शेपटी निकामी करून बनवलेली नवी पिढी आली आहे, टेगोप्रुबार्ट हे त्यातलं एक, आणि दुसरा रस्ता म्हणजे समोरच्या बाजूला, सीडी-४० लाच अडवायचं. डुकराच्या हार्ट आणि किडनीच्या अलीकडच्या केसेसमधे हीच औषधं वापरली. गुठळ्यांचा तो प्रकार यात टळलाय असं आत्तापर्यंत दिसतंय, पण वीसपंचवीस वर्षं रोज ज्याचा अनुभव आहे ते टॅक्रोलिमस आणि मोजक्या पेशंटना मोजके महिने दिलेलं नवं औषध यात फरक असतोच, आणि तुमची मुलगी २० वर्षांची आहे, तिला पुढची ५०-६० वर्षं काढायचीत.

टॅक्रोलिमसबद्दल जरा जास्त सांगतो कारण ते मी जवळून बघतो. हे औषध किडनीला जाणारी बारीक रक्तवाहिनी आकुंचित करतं, डोस जास्त झाला तर लगेच क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) चढतं, आणि डोस बरोबर असला तरी वर्षानुवर्षं घेतल्यावर किडनीत हळूहळू चट्टे पडतात. किडनी सोडून बाकीचे अवयव बसवलेल्या पेशंटचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००३ मधे छापून आला, त्यात पाच वर्षांत क्रॉनिक किडनी फेल्युअर होण्याचं प्रमाण अवयवानुसार साधारण ७ ते २१ टक्के निघालं, आणि त्यात या गटातल्या औषधांचा वाटा मोठा. आता टाईप १ च्या पेशंटची किडनी तशीही धोक्यात असते, आपण एवढी धडपड करून शुगर सांभाळतो ती डोळे आणि किडनी वाचवायलाच, आणि शुगरसाठी घेतलेलं औषधच किडनी खाणार असेल तर हिशोब कसा जुळायचा. त्यात अजून एक गोची आहे. टॅक्रोलिमस आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा सेलवरच परिणाम करतं, किडनी ट्रान्सप्लांटनंतर कितीतरी लोकांना पहिल्यांदा डायबेटीस निघतो तो स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळेच. आणि आयलेट ठेवतात लिव्हरमधे, तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून शोषली जाऊन सगळ्यात आधी पोहोचते तीही लिव्हरमधेच. म्हणजे ज्या पेशींना वाचवायला औषध देतोय त्यांच्यावरच ते सगळ्यात दाट येऊन पडतं. एडमंटनवाल्यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल ३ ते ६ इतकी खाली ठेवली ती याच कारणाने.

आणि ही लेव्हल सांभाळणं म्हणजे काय ते पण ऐका. रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं असतं. लोक सकाळी सवयीने गोळी घेऊन लॅबमधे जातात, लेव्हल भलतीच जास्त येते, कोणीतरी घाबरून डोस कमी करतं आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन चढलेलं, कारण आता डोस कमी पडलेला असतो. दर पावसाळ्यात मी अजून एक गोष्ट बघतो. ओले कपडे, घाम, जांघेत गजकर्ण होतं, जवळच्या क्लिनिकमधे दाखवलं की इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल मिळतात, आणि आपण ट्रान्सप्लांटच्या गोळ्या घेतो हे पेशंटने तिथे सांगितलेलं नसतं. इट्राकोनाझोल लिव्हरमधलं जे एन्झाइम बंद करतं तेच टॅक्रोलिमस मोडतं, मग टॅक्रोलिमस रक्तात साठायला लागतं, लेव्हल काही पटींनी वर जाते, पेशंट येतो तो हात थरथरतोय, सही करता येत नाही, चहाचा कप धरवत नाही अशी तक्रार घेऊन, आणि तोवर किडनीने मार खाल्लेला असतो. घशाच्या इन्फेक्शनला दिलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनने हेच होतं. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनस येतं ना, तेही आम्ही या पेशंटना बंद सांगतो. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू केलं की लेव्हल एकदम तळाला जाते आणि रिजेक्शन होतं. आणि घरचे प्रेमाने गुळवेलीचा काढा देतात इम्युनिटी वाढवायला, जी इम्युनिटी आम्ही मुद्दाम दाबून ठेवलेली असते. किडनी गेलेला माणूस हे सगळं सांभाळतो कारण नाहीतर त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे. विशीतल्या मुलीने, कॉलेज, नोकरी, हॉस्टेल, ट्रिपा सगळं करताना घड्याळ लावून आयुष्यभर हे सांभाळायचं, हे मोठं मागणं आहे.

इन्फेक्शनचं बोलतो. सोसायटीत एका पाहुण्याला गेटवर अडवू नये म्हणून सगळ्याच वॉचमनना सुट्टी दिली तर चोरही आत येणार, या औषधांचं नेमकं तसंच आहे, ती डुकराची पेशी आणि जंतू यांत फरक करत नाहीत. अलीकडचंच उदाहरण देतो. व्हर्टेक्स कंपनीची झिमिस्लेसेल नावाची ट्रीटमेंट आहे, डुकराची नाही, माणसाच्या स्टेम सेलपासून लॅबमधे बनवलेल्या आयलेट, त्याचे रिझल्ट जून २०२५ मधे छापून आले आणि ते खरंच जबरदस्त आहेत, पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन एका वर्षाला बंद होतं. पण त्याच ट्रायलमधे दोन मृत्यू झाले, एक आधीपासून असलेला मेंदूचा आजार वाढल्यामुळे आणि दुसरा क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसने. क्रिप्टोकॉकस ही बुरशी आहे, इम्युनिटी दाबलेल्यांना गाठते, आणि ती सापडण्याची एक नेहमीची जागा म्हणजे कबुतरांची विष्ठा. आता आपल्या पुण्यातल्या बाल्कन्या, डक्ट, एसीच्या मागच्या जागा डोळ्यासमोर आणा आणि चौकाचौकात कबुतरांना दाणे टाकणारे लोक आणा. माझ्या ट्रान्सप्लांटच्या पेशंटना मी कबुतराची घाण स्वतः साफ करू नका, दाणे टाकू नका हे प्रत्येक भेटीत सांगतो.

पाण्याचंही तसंच. जानेवारी २०२५ मधे तुमच्याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) साथ आली होती, कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पेशंटच्या तपासण्यांत सापडला होता, आणि ती धडधाकट लोकांतली गोष्ट होती. ही औषधं चालू असलेल्याला उकळलेलं पाणी, बाहेरची पाणीपुरी बंद, कच्चं सॅलड बंद हे पथ्य कायमचं. टीबी तर आपल्याकडे घराघरात झोपलेला आहे, अमेरिका युरोपातल्या ट्रायलचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत असं मी म्हणतो ते यासाठी. तिथे ज्या माणसाला लेटंट टीबी असण्याची शक्यता फार कमी, त्याच्यावर तपासलेला औषधांचा सेट इथे लावायचा म्हणजे आधी आयजीआरए (लेटंट टीबीची रक्ताची टेस्ट), छातीचा एक्सरे, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सीएमव्ही आणि ईबीव्ही हे शरीरात लपून राहणारे व्हायरस, आतड्यातला स्ट्रॉंजिलॉइड्स जंत हे सगळं बघावं लागतं, गरज असेल तर टीबीचं प्रिव्हेंटिव्ह औषध आधी पूर्ण करावं लागतं. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे कांजिण्या, एमएमआर, या औषधं सुरू व्हायच्या किमान महिनाभर आधी, नंतर त्या देता येत नाहीत. आणि काळी बुरशी, म्हणजे म्युकर, कोविडच्या वेळी पुण्याने ती किती जवळून बघितली आठवतंय ना, वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड ही तिची आवडती जोडी.

डुकराच्या व्हायरसची भीती लोकांना जास्त वाटते म्हणून तेही सांगतो. डुकराच्या डीएनएमधेच पर्व्ह नावाचे रेट्रोव्हायरस बसलेले असतात, १९९७ मधे दिसलं की लॅबमधे ते माणसाच्या पेशींना लागू शकतात, तेव्हा जगभर घबराट झाली. १९९९ मधे डुकराच्या जिवंत टिश्यूशी संबंध आलेल्या १६० लोकांची तपासणी छापून आली, एकातही इन्फेक्शन सापडलं नाही. पुढे २०१७ मधे हे व्हायरस जीन एडिटिंगने निकामी केलेली पिल्लंही जन्माला घातली. मला यापेक्षा साध्या व्हायरसची काळजी वाटते. जानेवारी २०२२ मधे अमेरिकेतल्या मेरीलँडला ५७ वर्षांच्या पेशंटला डुकराचं हार्ट बसवलं, तो दोन महिन्यांनी गेला, आणि त्या हार्टमधे डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस लपून आला होता हे नंतर कळलं. पेशंट इतका आजारी होता की मृत्यूचं एकच कारण सांगता येत नाही, पण इम्युनिटी दाबलेल्या शरीरात असा व्हायरस मोकाट वाढतो हे खरं. या कारणानेच अशा ट्रायलमधल्या पेशंटची तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची, रक्तदान करायचं नाही, अगदी जोडीदारानेही करायचं नाही, असे अमेरिकेतले नियम आहेत. लग्न ठरवताना हे समोरच्याला सांगावं लागेल, ताई.

औषधं नकोशी झाली तर कमी करता येतील का, हा प्रश्न मला किडनीचे पेशंट पण विचारतात. न्यूयॉर्कमधे नोव्हेंबर २०२४ मधे एका बाईंना डुकराची किडनी बसवली, ती १३० दिवस चालली, मग एका वेगळ्याच इन्फेक्शनसाठी रिजेक्शनची औषधं कमी करावी लागली, त्यानंतर रिजेक्शन झालं आणि एप्रिल २०२५ मधे ती काढून टाकली. हा पेच रोजचा आहे, औषधं कमी केली तर रिजेक्शन, नाही केली तर इन्फेक्शन, आणि डुकराचा अवयव असला की मधली सुरक्षित पट्टी अजून अरुंद. किडनी काढता तरी येते. लिव्हरभर पसरलेल्या आयलेट काढता येत नाहीत. आयलेटमधे एक दिलासा इतकाच की त्या मेल्या तर पेशंट परत इन्सुलिनवर जातो आणि औषधं थांबवता येतात, जीव त्यांच्यावर टांगलेला नसतो.

कॅन्सरचं लपवत नाही, लिम्फोमाचा एक प्रकार, पीटीएलडी, या औषधांवर होतो, ईबीव्ही आधी न झालेल्या तरुण मुलांत धोका जास्त, बेलाटासेप्ट हे रिजेक्शनचं औषध तर अशांना देतच नाहीत. आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तुम्ही विचारलं नाहीये पण मी सांगणारच, मायकोफेनोलेटवर असताना दिवस गेले तर गर्भपात आणि बाळात व्यंग होण्याचा धोका मोठा आहे, सिरोलिमसही बंद करावं लागतं. टॅक्रोलिमस आणि अझाथायोप्रिनवर बाळंतपणं व्यवस्थित होतात, आम्ही केलीत, पण औषधं महिनोन्महिने आधी बदलून, लेव्हल स्थिर करून, ठरवून. डुकराच्या पेशींना लागणारा कडक सेट असा बदलून चालेल का, याचं उत्तर माणसात अजून कोणी तपासलेलं नाही.

मग हे कोणासाठी? ज्याची किडनी ट्रान्सप्लांट झालेली आहे आणि गोळ्या चालूच आहेत त्याच्यासाठी आयलेट घालून घेणं हा समंजस विचार आहे, त्याचा औषधांचा धोका फारसा वाढत नाही. दुसरा गट म्हणजे ज्यांना शुगर लो झालेली कळतच नाही, सगळे उपाय करूनही वारंवार बेशुद्ध पडतात. अमेरिकेत जून २०२३ मधे लँटिड्रा या माणसाच्या आयलेटच्या ट्रीटमेंटला परवानगी मिळाली ती फक्त याच लोकांसाठी. ३० पेशंटच्या डेटावर मिळाली, २१ जणांना वर्षभर किंवा जास्त इन्सुलिन लागलं नाही, ५ जणांचं एक दिवसही सुटलं नाही, आणि बहुतेकांना सुया-प्रोसिजर किंवा औषधांचा निदान एक तरी गंभीर त्रास झाला, काहींना औषधं थांबवावी लागली आणि पेशी गेल्या. डुकराच्या आयलेटला अमेरिकेत अजून अशी परवानगी नाही.

मला खरी आशा कुठे वाटते तर औषधं हलकी करण्याच्या कामात. शिकागोमधे टॅक्रोलिमस न देता टेगोप्रुबार्टवर माणसाच्या आयलेट घातल्या, पहिल्या तिघांपैकी दोघांचं इन्सुलिन सुटल्याचं २०२४ मधे जाहीर झालं. स्वीडनमधल्या उप्सालाला एका पेशंटच्या हाताच्या स्नायूत जीन एडिट केलेल्या डोनर पेशी घातल्या, रिजेक्शनचं एकही औषध न देता, आणि त्या टिकून इन्सुलिन बनवत होत्या, २०२५ मधे ते छापून आलं. पेशी थोड्या होत्या, इन्सुलिन सुटण्याइतक्या नव्हत्या, पण औषधाविना टिकल्या हेच मोठं आहे. ही युक्ती डुकराच्या पेशींवर जमली तर मी माझं मत आनंदाने बदलेन. कॅप्सूलमधे पेशी गुंडाळायचा रस्ता जुना आहे, न्यूझीलंडमधे डुकराच्या पेशी अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या जेलच्या) मण्यांत भरून औषधांशिवाय दिल्या, डुकराचं इन्फेक्शन कोणाला झालं नाही, पण मण्यांभोवती चट्टे धरतात, ऑक्सिजन कमी पोहोचतो, इन्सुलिन सुटत नाही. व्हर्टेक्सनेही स्वतःचा असा पेटीतला प्रयोग मार्च २०२५ मधे थांबवला.

त्या ओळखीच्या माणसाला पैसे देऊ नका, एक रुपयाही नाही. डायबेटीससाठी स्टेम सेल किंवा प्राण्याच्या पेशी विकत देण्याला भारतात परवानगी नाही. खरी ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) तिचा नंबर असतो, एथिक्स कमिटीचा कागद असतो, काही बिघडलं तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी ट्रायल करणाऱ्याची असते, आणि ट्रायलमधल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. त्याला एवढंच विचारा की रिजेक्शनसाठी कुठली औषधं देणार आणि लेव्हल कोण बघणार. औषधं लागतच नाहीत म्हणाला तर पेशी टिकणार नाहीत, आणि औषधं देतो म्हणाला तर वर लिहिलेलं सगळं कोण सांभाळणार ते लेखी मागा.

मुलीसाठी आत्ताचं महत्त्वाचं काम रात्रीचे हायपो थांबवणं आहे, एचबीए१सी थोडा वर राहिला तरी चालेल. सीजीएम (सतत शुगर मोजणारा सेन्सर) लावा, लो अलार्म ८० ला ठेवा आणि तो तुमच्या फोनवरही वाजू द्या. दोन-तीन आठवडे एकही हायपो होऊ दिला नाही की लो झाल्याची जाणीव बऱ्याच जणांत परत येते, घाम फुटणं, धडधडणं पुन्हा कळायला लागतं, हे १९९० च्या दशकातच अभ्यासांतून दिसलंय आणि त्याला कुठलंही रिजेक्शनचं औषध लागत नाही. रात्री लो होताना आपोआप इन्सुलिन थांबवणारा पंप परवडत असेल तर तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टशी त्यावर बोला, नसेल तर निदान बेसलचा (दिवसभर हळूहळू काम करणाऱ्या इन्सुलिनचा) डोस आणि रात्रीच्या जेवणानंतरचा करेक्शन डोस त्यांना नीट बघू द्या, रात्रीच्या हायपोची बरीचशी कारणं तिथेच सापडतात. ग्लुकागॉनचं (लो झालेली शुगर वर आणणारं) इंजेक्शन घरात ठेवा आणि ते कसं द्यायचं हे तुम्ही, तिचे बाबा आणि तिची रूममेट असेल तर तिनेही शिकून घ्या. बेशुद्ध असताना तोंडात साखर किंवा पाणी घालू नका. पुढच्या वेळी दाखवायला जाताना १४ दिवसांचा सीजीएम रिपोर्ट, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन एवढं घेऊन जा.